बाकाराचा हिशेब समजून घेऊ
(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

मी अंजूरहून तुमची बचत गट समन्वयक बोलतेय. आज विषय जरा वेगळा आहे. कर्जफेड नाही, पापड-लोणच्याचं पॅकिंग नाही. आज बोलायचंय पत्त्यांच्या एका खेळाबद्दल. त्याचं नाव बाकारा. इंग्रजी अक्षरं वाचून कोणी बॅकरेट म्हणतात, कोणी बकारट. खेळ तोच.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. गटाच्या बैठका संपल्या की काही जणी मागे रेंगाळतात, चपला घालता घालता हळूच विचारतात, "ताई, घरातला माणूस रात्री मोबाईलवर पत्ते बघत बसतो. खेळत तर काहीच नाही, नुसता बघतो. मग पैसे जातात कुठे?" प्रश्न अगदी बरोबर आहे. या खेळात माणूस खरोखरच काही खेळत नाही, आणि पैसे जातात. ते कसे जातात हे समजलं, तर घरात बोलताना आपल्याकडे रडण्यापलीकडे काहीतरी असेल. म्हणून आज हिशेब करू.

आधी खेळ समजून घ्या. गणपतीच्या जागरणात आपल्याकडे पत्ते चालतातच. मेंढीकोट तुम्हाला ठाऊक आहे. त्यात कोणतं पान टाकायचं, कोणतं राखायचं, भिडूकडे काय असेल, हे डोकं चालवून ठरवावं लागतं. चांगला खेळणारा आणि कच्चा खेळणारा यांत फरक पडतो. बाकारात तसं काही नाही. टेबलावर दोन बाजू असतात. एकीला म्हणतात प्लेयर, दुसरीला बँकर. ही नुसती नावं आहेत हं. प्लेयर म्हणजे तुमचा माणूस नव्हे आणि बँकर म्हणजे बँकेचा साहेब नव्हे. तुमच्या माणसाने फक्त सांगायचं, पैसे कोणत्या बाजूवर लावले. किंवा दोघांची बरोबरी होईल यावर लावायचे, त्याला टाय म्हणतात. झालं, त्याचं काम संपलं. पुढची पानं ठरलेल्या नियमाने पडतात.

दोन्ही बाजूंना दोन-दोन पानं येतात. एक्क्याचा एक गुण. दोनपासून नऊपर्यंतच्या पानांचे तेवढेच गुण. दश्शी, गुलाम, राणी आणि राजा यांचे गुण शून्य. बेरीज दहाच्या वर गेली की दहा सोडायचे आणि शेवटचा आकडा धरायचा. समजा प्लेयरला सत्ती आणि अठ्ठी आली. सात आणि आठ पंधरा, म्हणजे गुण पाच. बँकरला राजा आणि छक्की आली, म्हणजे गुण सहा. ज्याचा आकडा नऊच्या जास्त जवळ, तो जिंकला. पहिल्या दोन पानांतच कोणाचे आठ किंवा नऊ झाले तर डाव तिथेच संपतो. नाहीतर प्लेयरच्या बाजूला पाच किंवा कमी असतील तर तिसरं पान मिळतं, सहा-सात असतील तर नाही. बँकरला शून्य, एक, दोन असतील तर तिसरं पान मिळतंच, सात असतील तर मिळत नाही, आणि मधल्या आकड्यांना प्लेयरचं तिसरं पान काय पडलं त्यावरून ठरतं. त्याचं कोष्टक छापलेलं असतं. आपल्या उदाहरणात प्लेयरला पाच आहेत, म्हणून तिसरं पान आलं, समजा चार. झाले नऊ. बँकर सहावर थांबला. प्लेयर जिंकला. एवढाच खेळ. अर्ध्या मिनिटात संपतो.

शेवटचा आकडा धरायचा हे ऐकून आपल्या आज्यांना काहीतरी आठवेल. मटका! ओपन-क्लोज! १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटक्याचा धंदा वाढवला. त्याआधी लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर पैसे लावायचे. ते बंद पडल्यावर मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते आले. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा आकडा तो ओपन. पाच, तीन, सहा म्हणजे चौदा, आकडा चार. गिरणीकामगारांच्या कितीतरी पगारांची या आकड्यात वाट लागली. मोजणी तीच आहे. तेव्हा माणूस नाक्यावर जाऊन आकडा लावायचा, आकडा दिवसातून एक-दोनदा लागायचा, आणि वाटेत चार माणसं त्याला बघायची. आता नाका खिशात आलाय, आकडा अर्ध्या मिनिटाला लागतो, आणि बघणारं कोणी नाही. सगळा फरक इथेच आहे, तो लक्षात ठेवा.

हा खेळ राजरोस कुठे चालतो? जगात सर्वांत जास्त मकाव या शहरात. तिथल्या कॅसिनोंची बहुतेक कमाई एकट्या बाकाराची असते. आपल्या जवळ म्हणाल तर गोव्यात. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली बदल करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट दिली गेली, आणि १९९६ साली बोटींवर पत्त्यांच्या टेबलांना. म्हणून पणजीला मांडवी नदीत त्या दिव्यांनी लखलखणाऱ्या बोटी उभ्या दिसतात. गंमत बघा, फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोव्याच्याच लोकांना तिथे जुगार खेळायला बंदी केली. पाहुण्याने हरावं, घरच्याने हरू नये! आपल्या महाराष्ट्रातही १९७६ सालीच कॅसिनोचा एक कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला. इथे १८८७ पासूनचा जुगारबंदीचा कायदा आहे. म्हणजे महाराष्ट्रात कॅसिनो नाही. तरीही घरात आहे. कारण मोबाईल.

आता हिशेबाला बसू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

हजारो डावांचा हिशेब मांडला तर शंभर डावांत साधारण ४६ वेळा बँकर जिंकतो, ४४ ते ४५ वेळा प्लेयर जिंकतो, आणि नऊ-दहा वेळा बरोबरी होते. बरोबरी झाली की बँकर-प्लेयरवर लावलेले पैसे परत मिळतात. प्लेयरवर शंभर रुपये लावले आणि जिंकलात तर वर शंभर मिळतात. पण प्लेयर जरा कमी वेळा जिंकतो. बँकर जास्त वेळा जिंकतो, मग सगळे त्याच्यावरच लावतील. म्हणून मालकाने तिथे पाच टक्के कमिशन ठेवलंय. बँकरवर शंभर लावून जिंकलात की मिळतात पंच्याण्णव. पाच रुपये मालकाचे. म्हणजे एका बाजूला जिंकणं कमी, दुसऱ्या बाजूला जिंकल्यावर कात्री. दोन्हीकडून मालकाचं भागतं.

किती भागतं? प्रत्येक डावाला शंभर रुपये लावत शंभर डाव खेळलं, तर बँकरवर लावणाऱ्याचे सरासरी १०६ रुपये जातात, प्लेयरवर लावणाऱ्याचे १२४. टायवर लावणाऱ्याचं विचारूच नका. तिथे एकाला आठ मिळतात, शंभराचे आठशे, म्हणून भुरळ पडते. पण दोनशे डावांत टाय होतो साधारण १९ वेळा. १९ वेळा आठशे, म्हणजे १५,२०० आले. उरलेले १८१ वेळा शंभर, म्हणजे १८,१०० गेले. तोटा २,९०० रुपये.

आता एखादी म्हणेल, ताई, शंभर डावांत शंभर-सव्वाशे म्हणजे काय मोठंसं? दोन दिवसांच्या चहा-वडापावाचे पैसे. हीच तर या खेळाची खुबी आहे. एका डावात कात्री इतकी बारीक असते की टोचतच नाही. पण डाव किती होतात ते मोजा. मोबाईलवर मिनिटाला दोन डाव धरले तर तासाला १२०. रात्री दहा ते दोन, चार तास, म्हणजे ४८० डाव. शंभराप्रमाणे ४८,००० रुपये एका रात्रीत फिरले. त्यातले सरासरी पाचशे ते सहाशे मालकाकडे गेले. महिनाभर असंच चाललं तर पंधरा ते अठरा हजार. आपल्याकडे गोदामात माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या पोरांना विचारा, हा आकडा म्हणजे काय ते. आणि ही सरासरी झाली. एखाद्या रात्री पाच हजार येतात, एखाद्या रात्री दहा हजार जातात. येतात ती रात्र गावभर सांगितली जाते. जातात ती रात्र पोटात राहते.

हे पटत नसेल तर पुढच्या बैठकीत एक प्रयोग करा. पत्त्यांचा एक जोड घ्या आणि वालाचे किंवा चिंचोक्यांचे दाणे घ्या. एक दाणा पाच रुपयांचा समजा. दोघींना तीनशे-तीनशे दाणे द्या. एकीने दर वेळी बँकरवर वीस दाणे लावायचे, दुसरीने प्लेयरवर वीस. तिसरी मालकीण. तिने पानं वाटायची. बँकरचं कोष्टक नको, सोपं म्हणून दोन्ही बाजूंना पाच किंवा कमी असले की तिसरं पान द्या. बँकर जिंकला की जिंकणाऱ्या बाईने मालकिणीच्या डब्यात एक दाणा टाकायचा. असे चाळीस डाव करा. या दोघींपैकी कोण पुढे, कोण मागे, ते दर बैठकीत वेगळं असेल. पण डबा उघडून बघा. अठराच्या आसपास दाणे निघतील. दोघींचे मिळून सहाशे होते, ते आता कमी झालेत. वाढलेले कधीच नसतील. मालकिणीने एकही दाणा लावला नव्हता, नुसती पानं वाटली होती. घरातल्या माणसाला आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनाही हा प्रयोग दाखवा.

इथे एक शंका येईल. आपल्या गटातही आपण व्याज देतोच की. देतो. पण शंभराला दोन रुपये व्याज दिलं, तर ते दोन रुपये गटातच राहतात, वर्षाच्या शेवटी आपल्यालाच वाटून येतात. बाकाराचा डबा आपल्या गावात उघडत नाही. तो कुठे उघडतो हेही आपल्याला कळत नाही.

आता हरणाऱ्या माणसाची दोन वाक्यं ऐका. तुम्ही ती ऐकलीच असतील.

पहिलं वाक्य: "सलग सहा वेळा बँकर आला, आता प्लेयर येणारच." कॅसिनोत आणि मोबाईलवरही मागच्या डावांचे लाल-निळे ठिपके मुद्दाम दाखवतात. माणूस त्यांत रांगोळी शोधत बसतो. बायांनो, हे वाक्य आपल्या घरात दुसऱ्या कारणाने किती वेळा बोललं गेलंय! "चार मुली झाल्या, आता मुलगाच होणार." पाचवं बाळंतपण आधीच्या चारांना विचारून होत नाही, हे आपल्या कित्येक जणींनी देहावर सोसून शिकलंय. पत्त्यांचंही तसंच. भरवसा ठेवावा असं मागचे ठिपके पुढच्या डावाबद्दल काहीच सांगत नाहीत.

दुसरं वाक्य: "हरलो की दुप्पट लावायचे, एकदा जिंकलो की सगळं वसूल." ऐकायला पक्कं वाटतं. मांडून बघा. शंभर, दोनशे, चारशे, आठशे, सोळाशे, बत्तीसशे, चौसष्टशे. सात वेळा हरला की गेले १२,७०० रुपये. आठव्यांदा लावायला हवेत १२,८००, आणि जिंकला तर पदरात पडणार फक्त शंभर. सलग सात वेळा कोण हरतं? नाणं उडवल्यासारखं अर्धं-अर्धं धरलं तर अशा १२८ खेपांत एकदा. रोज रात्री शेकडो डाव खेळणाऱ्याला ती खेप गाठायला फार दिवस लागत नाहीत. आणि त्या आठव्या डावाचे १२,८०० कुठून येतात? मंगळसूत्रातून, फायनान्सच्या हप्त्यातून, नाहीतर गटाच्या कर्जातून.

आतापर्यंतचा सगळा हिशेब खरे पत्ते आणि खरा नियम धरून केला. मोबाईलवरच्या बेकायदा अॅपला तोही धरबंध नाही. सुरुवातीला दोनशेचे चारशे करून खात्यात पाठवतात, विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायला गेलं की आधी कर भरा, आधी फी भरा, असं सुरू होतं. मग नंबर बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ बेकायदा सट्ट्याची अॅप आणि वेबसाइट बंद करायला लावली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदाच केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून फसवणूक झाली तर तोंड लपवू नका, तक्रार करा.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका, कारण ते थेट आपल्यावर येतं. अशा अॅपचे पैसे दुसऱ्यांच्या बँक खात्यांतून फिरवले जातात. त्यासाठी खाती लागतात. कोणीतरी ओळखीचाच येतो आणि म्हणतो, "वहिनी, तुमचं खातं रिकामंच असतं. पासबुक, एटीएम आणि एक सिम द्या, महिन्याला पाच हजार देतो." देऊ नका. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला की पोलीस आधी खातेदाराचं दार वाजवतात. खातं गोठतं. लाडक्या बहिणीचा हप्ता, गॅसचं अनुदान, मुलाची शिष्यवृत्ती, सगळं त्यातच अडकतं. गटाच्या खात्याच्या बाबतीत तर हा विचारसुद्धा नको.

आपल्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे. अंजूर, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, जिकडे बघाल तिकडे भाताच्या खाचरांची गोदामं झाली. समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यात आमण्याला येऊन टेकला. जमिनीचा पैसा आला. पिढ्यान्‌पिढ्या जो शेतात होता तो एकदम खात्यात आला. शेत एका रात्रीत कोणी हरत नाही, निदान तलाठ्याकडे तरी जावं लागतं. खात्यातला पैसा अंगठ्याने जातो.

मग आपण करायचं काय? पाच गोष्टी सांगते.

एक. गटात कर्जाची मागणी आली की कारण विचारायचं, आणि पैसे त्या कारणाला गेले का ते पुढच्या बैठकीत बघायचं. तीन महिन्यांत तिसरं कर्ज, दर वेळी कारण वेगळं आणि बाई खाली मान घालून बसलेली, तर तिला सगळ्यांसमोर टोचू नका. बाजूला घेऊन विचारा.

दोन. जुगाराचं देणं फेडायला गटाचं कर्ज देऊ नका. कठोर वाटेल. पण ते कर्ज आठव्या डावालाच जातं. त्याऐवजी घरात किराणा भरून द्या, मुलांची फी थेट शाळेत भरा.

तीन. न वाचता सही किंवा अंगठा नको. जमिनीचे कागद, दागिन्यांची पावती, तुमचं एटीएम आणि त्याचा पिन तुमच्याजवळ ठेवा. मोबाईलवर आलेला ओटीपी नवऱ्यालाही "बघू दे जरा" म्हणून देऊ नका.

चार. पैसे फसवून गेले तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकं पुढच्या खात्यात पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा नंबर आणि स्क्रीनचे फोटो पुसू नका.

पाच. खेळणाऱ्याला नुसतं व्यसनी म्हणून हाकलू नका. दारूसारखीच ही सुटायला मदत लागते. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. झोप उडालेली असेल, जीव द्यायच्या गोष्टी निघत असतील, तर त्याच दिवशी लावा. आणि घरात मारहाण होत असेल तर १८१ तुमच्यासाठी आहे.

महाभारतातला द्यूताचा प्रसंग आपण कीर्तनात ऐकतो. धर्मराजाने राज्य हरलं, भाऊ हरले, स्वतःला हरला आणि मग द्रौपदीला पणाला लावलं. तेव्हा तिने भर सभेत विचारलं की स्वतःला आधीच हरलेल्या माणसाला मला लावायचा हक्क कुठून आला? सभेत एवढे जाणते बसले होते, कोणालाही नीट उत्तर देता आलं नाही. कीर्तन ऐकताना आपण तिथे पदर डोळ्यांना लावतो. पण लक्षात ठेवायचा तो तिचा प्रश्न. घरातला पैसा, शेताचा मोबदला, गटाच्या कर्जावरची तुमची सही, हे कोणाच्या हक्काचं आहे, हा प्रश्न विचारायला सभा लागत नाही. चुलीपाशीही विचारता येतो. आणि आता तुमच्याजवळ हिशेबही आहे.

या महिन्याच्या बैठकीत वालाचे दाणे घेऊन बसा. चाळीस डाव करा. डब्यात किती निघाले ते गटाच्या वहीत लिहा आणि ग्रामसंघाच्या सभेत सांगा. पुढच्या वेळी आपण छोट्या फायनान्स कंपन्यांच्या हप्त्यांचं गणित घेऊ. तोवर नमस्कार.